जे उघडत नाही, ते पुसलेही का जात नाही?

दोह्याच्या दक्षिणेला, इंडस्ट्रिअल एरियाजवळ बरवा अल बराहा ही कामगारांची वसाहत आहे. बरवा रिअल इस्टेट या कतारी कंपनीने ती उभारली. एकाच छापाच्या इमारतींच्या रांगा आणि बाजूला भलामोठा ट्रकतळ. कतारमध्ये शुक्रवार हा बहुतेकांचा सुट्टीचा वार. कपडे धुऊन झाले, गावाकडे व्हिडिओ कॉल झाला, की अशा वसाहतीत लॅपटॉप उघडतात आणि एका खोलीतली पोर्टेबल हार्डडिस्क दुसऱ्या खोलीत फिरू लागते. तिच्यावर सिनेमे असतात, जुने क्रिकेट सामने असतात, मुलीच्या बारशाचे फोटो असतात. आणि त्यांच्याच शेजारी पासपोर्टचा स्कॅन, वाहन परवाना, आयटीआयचे साक्षांकित प्रमाणपत्र, बँकेचे कागद. माणसाचे सगळे कपाटच त्या डबीत.

एखाद्या दिवशी त्या डिस्कवरचे एक फोल्डर रुसते. पिवळे चिन्ह जागेवर असते, नावही दिसते, पण उघडायला जावे तर विंडोज सांगते की ही फाइल किंवा डिरेक्टरी खराब झाली आहे आणि वाचता येत नाही. सोबत ८००७०५७० या आकड्यांवर संपणारा एक कोड येतो. ठीक आहे, गेले तर गेले, पुसून टाकू, असे म्हणून डिलीटचे बटण दाबले तर पुन्हा तोच संदेश. गुणधर्म पाहावेत तर आकार शून्य बाइट.

इथे कोणीही चक्रावतो. मोडलेली वस्तू वापरता येत नाही हे समजण्यासारखे आहे. पण ती फेकूनही देता येऊ नये? आणि आकार शून्य असेल तर नेमके काय अडून बसले आहे?

पुसणे ही नोंद असते

गोंधळाचे मूळ 'पुसणे' या कल्पनेत आहे. डिलीट दाबले की संगणक डिस्कवरचा मजकूर खरवडून काढतो, असे आपण धरून चालतो. तसे तो करत नाही. तो फक्त कागदपत्रे बदलतो.

गावच्या जमिनीचे पाहा. जमीन शिवारात पडलेली असते. ती कोणाची, किती, कुठली, हे तलाठ्याच्या दप्तरात असते. प्रत्येक गटाचा एक सातबारा. एका खातेदाराच्या नावावर कोणकोणते गट आहेत त्याची यादी म्हणजे आठ-अ. आणि खरेदी-विक्री झाली, वारस लागले, की आधी फेरफार नोंदवहीत नोंद पडते, ती प्रमाणित होते आणि मगच सातबाऱ्यावरचे नाव बदलते. कोणाचे नाव कमी झाले म्हणून शेतातली माती कोणी उकरून नेत नाही.

विंडोजच्या डिस्कवर हीच व्यवस्था जवळपास जशीच्या तशी आहे. बहुतेक विंडोज संगणकांच्या डिस्कवर एनटीएफएस नावाची पद्धत वापरलेली असते. मायक्रोसॉफ्टने ती १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत आणली. तिच्यात 'मास्टर फाइल टेबल' नावाचे एक मोठे दप्तर असते. प्रत्येक फाइलसाठी त्यात साधारणतः १ किलोबाइटची एक नोंद: नाव काय, कधी तयार झाली, कोणाला उघडायची मुभा आहे, मजकूर डिस्कवर कुठल्या जागी आहे. हा झाला फाइलचा सातबारा. फोल्डरचीही अशीच एक नोंद असते, पण त्याच्या पोटात मजकुराऐवजी यादी असते: माझ्याकडे या-या फाइली आहेत आणि त्यांचे नोंद क्रमांक हे. म्हणजे आठ-अ. तिसरी गोष्ट बदलांची नोंदवही. नोंदींत किंवा याद्यांत कुठलाही फेरबदल करण्याआधी एनटीएफएस तो तिथे टिपून ठेवते, म्हणजे मध्येच वीज गेली तर अर्धवट काम पुरे करता येते किंवा मागे घेता येते. फेरफार वही ती हीच.

आता पुसण्याकडे वळू. एखादी फाइल कायमची पुसली की तीन कामे होतात. फोल्डरच्या यादीतून तिचे नाव कमी होते, तिच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण पडते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकूर पडून राहतो, त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत. नव्या एसएसडी डिस्क अशी मोकळी जागा मागाहून स्वतःच साफ करतात, तेवढा अपवाद.

फोल्डर पुसायचे तर मात्र एक अट आहे: ते रिकामे हवे. भरलेले फोल्डर विंडोज एका फटक्यात पुसत नाही. आधी त्याची यादी वाचते, एकेक फाइल पुसते, आतली फोल्डरे असतील तर त्यांच्यातही शिरते आणि सगळे संपल्यावर शेवटी फोल्डरचे नाव काढते. यादीच वाचता येत नसेल तर फोल्डर रिकामे आहे की नाही, हेच तिला ठरवता येत नाही. आठ-अचे पान भिजून विरघळले आहे आणि 'या खात्यावरचे सगळे गट कमी करा' असा अर्ज आला आहे. कुठले गट? तलाठी हात वर करतो. विंडोजही तेच करते.

आकार शून्य दिसण्याचे कारणही हेच. फोल्डरचा आकार म्हणून जो आकडा दिसतो तो आतल्या फाइलींची बेरीज करून काढलेला असतो. यादी वाचली गेली नाही तर बेरीज शून्य. आतल्या फाइली नाहीशा झाल्या, असा त्याचा अर्थ होत नाही. घाबरलेल्या माणसाने एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

पान फाटले, हे विंडोजला कसे कळते

फोल्डर मोठे असले की त्याची यादी ४०९६ बाइटच्या तुकड्यांत ठेवली जाते. तुकड्याच्या सुरुवातीला आय, एन, डी, एक्स ही चार अक्षरे असतात. डिस्क मात्र, निदान जुन्या हिशेबाने, ५१२ बाइटच्या घरांत लिहिते. म्हणजे यादीचे एक पान आठ घरांत पसरते. आता समजा पान लिहिणे चालू आहे, पाच घरे लिहून झाली आणि कोणीतरी केबल ओढली. पहिली पाच घरे नवी, शेवटची तीन जुनी. पान दिसायला पूर्ण, पण आतून दोन वेगवेगळ्या दिवसांचे.

यावर एनटीएफएसने केलेली युक्ती नामी आहे. पान लिहिताना ती आठही घरांच्या अगदी शेवटच्या दोन बाइटांत एकच क्रमांक टाकते आणि तिथले मूळ बाइट पानाच्या मथळ्यात सांभाळून ठेवते. पुढच्या वेळी पान लिहिताना क्रमांक एकाने वाढतो. वाचताना आठही क्रमांक जुळले तर पान अखंड. पाचांवर १८ आणि तिघांवर १७ दिसला, की लिहिणे अर्ध्यावर तुटले होते हे उघड. मग विंडोज ते पान वाचायचेच नाकारते आणि वापरणाऱ्याला तो ८००७०५७०वाला निरोप देते. चुकीची यादी खरी मानून भलत्याच फाइली पुसण्यापेक्षा हा नकार परवडला. ही अडेलतट्टू वागणूक वापरणाऱ्याच्या भल्याचीच आहे.

केबल ओढणे हे एक कारण झाले. दुसरे म्हणजे डिस्कच थकणे: जिथे यादी लिहिली आहे नेमकी तीच जागा वाचता न येणे. तिसरे उष्णता. काही पोर्टेबल हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतली कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस लिहिलेली असते. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी आहे, कारण त्या वेळचे ऊन माणसालाच सोसत नाही. ट्रकच्या केबिनमध्ये डॅशबोर्डवर पडलेल्या डिस्कला ते सोसावे, ही अपेक्षा फार झाली.

पेनड्राइव्हची कथा वेगळी

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे बहुतेक वेळा एनटीएफएसवर नसतात. त्यांवर फॅट ३२ किंवा एक्सफॅट असते. फॅटची मूळ कल्पना १९७७ सालची, फ्लॉपीच्या जमान्यातली. फॅट ३२ आले १९९६ मध्ये, एक्सफॅट २००६ मध्ये. साधी, हलकी, टीव्हीपासून गाडीच्या स्टिरिओपर्यंत कुठेही चालणारी पद्धत. पण हिच्याकडे फेरफार वही नाही. काम मध्येच तुटले तर कुठवर आले होते, हे सांगणारे कोणी नाही.

म्हणून पेनड्राइव्हवरचे खराब फोल्डर वेगळ्याच रूपात भेटते. ते उघडते, पण आत चिनीसारखी अक्षरे, चौकोन, प्रश्नचिन्हे, कित्येक जीबीच्या अगडबंब फाइली आणि २०७४ किंवा २०९८ सालच्या तारखा. पाहणारा म्हणतो, व्हायरस! तसे असेलच असे नाही. फॅटमध्ये यादीतली प्रत्येक नोंद ३२ बाइटची असते: इतके बाइट नावाचे, इतके तारखेचे, इतके आकाराचे. यादीच्या जागी चुकून एखाद्या गाण्याचे किंवा फोटोचे बाइट आले तर विंडोज तेही ३२-३२चे तुकडे पाडून नोंदी म्हणून वाचते. त्यातून नावे म्हणून कचरा निघतो आणि तारखेच्या खणात कुठलाही आकडा पडतो. फॅटमध्ये वर्ष १९८० पासून मोजतात आणि त्याला सात बिट दिलेले आहेत, त्यामुळे २१०७ पर्यंतचे कुठलेही साल तिथे उगवू शकते. अशा फाइली पुसू गेल्यास पुसल्या जात नाहीत, कारण त्या कधी नव्हत्याच.

याचे आणखी एक कारण फार सर्रास आढळते: खोटा पेनड्राइव्ह. वेष्टनावर १ किंवा २ टेराबाइट, आत चिप ३२ जीबीची, आणि नियंत्रक चिपला खोटे बोलायला शिकवलेले. पहिले ३२ जीबी सुरळीत जातात. पुढचे लिहिल्यासारखे दिसते, पण एक तर कुठेच लिहिले जात नाही किंवा आधीच्यावरच लिहिले जाते. मग एक दिवस फोल्डरच्या यादीवर सिनेमा चढतो. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचे जर्मनीतल्या 'सीटी' या संगणक मासिकाचे मोफत साधन अशी लबाडी पकडते: रिकाम्या ड्राइव्हवर शेवटपर्यंत चाचणीचा मजकूर लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. निम्म्याहून कमी किमतीत दुप्पट जागा मिळत असेल तर गावी पाठवायचे फोटो त्यावर चढवण्याआधी ही चाचणी करावी.

जी खराब नसतातच

डिलीट न होणाऱ्या फोल्डरांपैकी सगळीच बिघडलेली नसतात, आणि दुरुस्तीला लागण्याआधी हे तपासणे वेळ वाचवणारे. आतली एखादी फाइल कुठल्या तरी प्रोग्रॅमने उघडी धरली असेल तर विंडोज तसे स्पष्ट सांगते. तो प्रोग्रॅम बंद करावा; कळत नसेल तर संगणक रीस्टार्ट करून लगेच पुसून पाहावे. परवानगी नाही असा संदेश आला तर ते फोल्डर बहुधा जुन्या संगणकावरच्या दुसऱ्या खात्याच्या मालकीचे असते. गुणधर्मांतल्या सिक्युरिटीच्या पानावरून मालकी स्वतःकडे घेतली की काम होते. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांची मालकी मात्र घेऊ नये. त्यांना कुलूप विचार करूनच घातलेले आहे.

नावांच्या तर गमतीच आहेत. विंडोजच्या खिडक्यांना नावाच्या शेवटी रिकामी जागा किंवा टिंब चालत नाही. त्या ते गुपचूप गाळून टाकतात. पण एनटीएफएसला चालते. त्यामुळे फोनवरून, मॅकवरून किंवा एखाद्या डाउनलोडरने 'फोटो' आणि पुढे एक स्पेस अशा नावाचे फोल्डर बनवले, तर विंडोज ते दाखवते, पण पुसायला जाते तेव्हा स्पेस गाळून 'फोटो' शोधते आणि 'असे काही सापडत नाही' म्हणते. समोर दिसते आहे आणि म्हणे सापडत नाही! सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही नावेही अशीच अडतात, कारण डॉसच्या काळापासून ती कीबोर्ड-पडदा, छापयंत्र वगैरे उपकरणांसाठी राखीव आहेत. आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की बरेच प्रोग्रॅम हात टेकतात. एकात एक फोल्डरे घालत गेल्यास हे सहज होते. पत्ता लांबला असेल तर वरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची करावीत. बाकीच्यांसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पत्त्याच्या आधी \\?\ अशी चिन्हे लावतात. त्यांचा अर्थ, 'नावात काही सुधारू नकोस, दिले आहे तसेच घे.'

पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर तो मात्र खरोखरच व्हायरस. तो मूळ फोल्डरे लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. क्लिक केले की आधी तो चालतो, मग फोल्डर उघडतो. डेटा शाबूत असतो. आधी अँटिव्हायरस चालवावा आणि मग 'अट्रिब' या कमांडने लपवल्याची खूण काढावी. पेनड्राइव्ह ई असेल तर अट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.* असे, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, टंकावे.

चौकट: संदेशावरून ओळख

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडे आहे: बिघाड नाही. प्रोग्रॅम बंद करा, नाहीतर रीस्टार्ट.
परवानगी नाही: मालकीचा प्रश्न.
वस्तू सापडत नाही: बहुधा नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब.
खराब झाले असून वाचता येत नाही: यादीचे पान गेले. आधी नक्कल, मग दुरुस्ती.
'ड्राइव्ह फॉरमॅट करा' अशी विचारणा: रद्द करा. मूळ दप्तरच वाचता येत नाही, पण डेटा आत असू शकतो.
डिस्कमधून टकटक आवाज: ताबडतोब काढून ठेवा. घरगुती उपाय नकोत.

आधी नक्कल

दुरुस्तीचे साधन चालवण्याची घाई सगळ्यांना असते. ती करू नये. दुरुस्ती डिस्कवर लिहिते, आणि लिहिले की जुने काही ना काही जाते. डिस्कवरचे जे उघडते आहे ते सगळे आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावे.

साध्या कॉपी-पेस्टची अडचण अशी की एक वाईट फाइल आली की ते तिथेच घुटमळते. विंडोजमध्येच असलेली 'रोबोकॉपी' ही कमांड बरी, पण तिला लगाम घालावा लागतो. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती मुळात १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. हिशेब केला तर एका फाइलवर ३४७ दिवस! म्हणून /आर:१ /डब्ल्यू:१ असे लिहून एकच फेरप्रयत्न आणि एकच सेकंद थांबा सांगायचा.

खराब फोल्डरमधलेच काही हवे असेल तर ते परत मिळवणारी साधने आधी चालवावीत. 'फोटोरेक' हे मोफत साधन यादीकडे बघतच नाही. सगळी डिस्क चाळून फोटो, व्हिडिओ त्यांच्या सुरुवातीच्या खुणांवरून ओळखते. फाइलींची मूळ नावे मिळत नाहीत, फोटो मिळतात. मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज फाइल रिकव्हरी' २०२० पासून विनामूल्य उपलब्ध आहे. दोन्हीला एकच नियम: वाचवलेले सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे, त्याच डिस्कवर कधीच नाही.

चेकडिस्क नेमके काय करते

आता दुरुस्ती. ती करणारे विंडोजमधलेच साधन म्हणजे चेकडिस्क. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचा आणि सीएचकेडीएसके ई: /एफ असे टंकायचे. ई-च्या जागी आपल्या ड्राइव्हचे अक्षर. /एफ लावले नाही तर चेकडिस्क फक्त पाहणी करते, काहीही बदलत नाही. भीती वाटत असेल तर आधी तसेच चालवून बघावे. सी ड्राइव्ह असेल तर तो वापरात असल्याने ती 'पुढच्या सुरुवातीला करू का?' असे विचारते. वाय दाबून संगणक रीस्टार्ट करायचा.

काम तीन टप्प्यांत चालते. आधी सगळ्या नोंदी तपासल्या जातात, मग फोल्डरांच्या याद्या, मग परवानग्या. दुसरा टप्पा आपल्या कामाचा. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत ती कुठल्या फोल्डरातली, हेही लिहिलेले असते. सातबाऱ्यावर खाते क्रमांक असतो तसे. म्हणून आठ-अचे पान फाटले तरी गावचे सगळे सातबारे चाळून ती यादी पुन्हा लिहिता येते. चेकडिस्क तेच करते. फाटलेले पान फेकते आणि फाइलींच्या नोंदींवरून फोल्डरची यादी नव्याने बांधते. बरेचदा ते फोल्डर सगळ्या फोटोंसकट उघडते, आणि ज्याला पुसायला निघालो होतो ते ठेवावेसे वाटते.

फोल्डरची स्वतःची नोंदच गेली असेल तर आतल्या फाइली बेवारस होतात. त्या 'फाउंड.०००' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात जमा होतात. फॅटवर हे अधिक घडते. तिथे सीएचके या शेपटीच्या, नावगाव नसलेल्या फाइली मिळतात. त्या सरसकट पुसू नयेत. शेपटी बदलून जेपीजी केली तर एखादीतून फोटो निघतो.

/एफऐवजी /आर लिहिले तर चेकडिस्क डिस्कचे घर न् घर वाचून पाहते. १ टेराबाइटच्या पोर्टेबल डिस्कवर याला कित्येक तास लागतात आणि आधीच आचके देणाऱ्या डिस्कवर तो ताण अखेरचा ठरू शकतो. कोणी 'आर लाव, सगळे ठीक होते' म्हटले तर नक्कल झाली का, हे आधी विचारावे.

यादी नीट झाली की पुसणे किरकोळ उरते. शिफ्ट दाबून डिलीट करावे, किंवा आरडी /एस /क्यू आणि पुढे पत्ता. ही कमांड काही विचारत नाही आणि रिसायकल बिनमध्येही काही ठेवत नाही; पत्ता दोनदा वाचून मगच एंटर दाबावे.

साधनेही चुकतात

चेकडिस्कवर आंधळा विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही संगणकांवर /एफ चालवल्यावर फाइल व्यवस्थाच बिघडली आणि संगणक सुरू होईना. मायक्रोसॉफ्टने ती चूक मान्य करून सुधारली. त्याच सुमारास जोनास लिकेगार्ड या सुरक्षा संशोधकाने दाखवलेली त्रुटी जानेवारी २०२१ मध्ये गाजली: फोल्डरच्या यादीशी संबंधित एका विशिष्ट पत्त्याकडे नुसते बोट दाखवले तरी विंडोज १० ती डिस्क खराब ठरवत असे. कमांड द्यायचीही गरज नव्हती. तो पत्ता चिन्हाच्या जागी घातलेला शॉर्टकट दिसला तरी पुरे. एप्रिल २०२१ च्या अपडेटमध्ये ती बुजवली गेली. अपडेट महिनोन्‌महिने पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दप्तर बिघडणे आणि जमीनच खणून नेणे यांतला फरक आखाताने २०१२ साली पाहिला. त्या ऑगस्टमध्ये सौदी अराम्कोच्या सुमारे ३०,००० संगणकांवर 'शमून' या विषाणूने फाइलींचा मजकूरच दुसऱ्या मजकुराने झाकून टाकला. काही दिवसांत कतारच्या रासगॅस या वायू कंपनीच्या कार्यालयीन संगणकांनाही विषाणूची बाधा झाली. कंपनीचे संकेतस्थळ आणि ईमेल बंद पडले, वायूचे उत्पादन मात्र चालू राहिले. मजकूरच झाकला गेला की कुठलीही यादी नव्याने बांधून उपयोग नसतो. शुक्रवारी संध्याकाळी रुसलेले फोल्डर त्या जातीचे नसते.

फॉरमॅट, आणि त्यानंतर

चेकडिस्कने भागले नाही आणि हवे ते काढून झाले, तर फॉरमॅट करावे. दुकानदार पहिल्या मिनिटाला सुचवतो तो हा उपाय शेवटी येतो. क्विक फॉरमॅट फक्त नवे कोरे दप्तर उघडते, जुना मजकूर खाली तसाच राहतो. डिस्क विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर ते पुरेसे नाही. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्ये लिहिते. त्याला वेळ लागतो, पण डिस्कची परीक्षाही होते. डिस्क फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस निवडावे. टीव्हीलाही लावायची असेल तर एक्सफॅट, आणि मग काढताना टास्कबारमधल्या 'इजेक्ट'ला पर्याय नाही. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून डिस्क पटकन काढता यावी अशी मांडणी मुळातच केलेली आहे, हे खरे. पण लिहिणे चालू असताना केबल ओढली तर ती मांडणी काय करणार?

'एका क्लिकमध्ये हट्टी फोल्डर पुसा' म्हणणारी अनोळखी मोफत साधने टाळावीत. वर सांगितलेले बहुतेक सगळे विंडोजमध्ये आधीच आहे, आणि अशा साधनांसोबत नको ते सामानही येते.

फॉरमॅटनंतर महिन्याभरात तीच डिस्क पुन्हा खराब फोल्डर दाखवू लागली, किंवा चेकडिस्कच्या अहवालात खराब घरांचा आकडा वाढत गेला, तर प्रश्न यादीचा राहिला नाही, डिस्कच संपत आली आहे. ती सिनेमांपुरती वापरावी. पासपोर्ट, परवाना आणि साक्षांकित प्रमाणपत्रे यांची नक्कल आजच दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि एक प्रत गावी घरच्यांकडे पाठवून द्या.